काढ्याची झाडाझडती

पानिपतात दिवाळी उलटली की जुन्या बाजारातल्या पंसाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. पंसारी म्हणजे आपल्याकडचा काष्ठौषधीवाला. मुलेठीच्या काड्या (आपलं ज्येष्ठमध), सुंठ, मिरी, दालचिनी, वाळवलेली तुळस, शिवाय जोशांद्याच्या तयार पुड्या. जोशांदा म्हणजे हकिमी काढा; त्यात बनफ्शाची फुलं असतात, उन्नाब नावाची सुकवलेली बोरं असतात आणि लसोडा असतो. हा लसोडा म्हणजे आपलं भोकर. हकिमी आणि वैद्यकी या पट्ट्यात शतकानुशतकं शेजारी राहिल्या. बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात उर्दू कवी हालींची कबर आहे, तशीच हकीम मुकर्रम खान यांचीही आहे. रिफायनरीत किंवा खत कारखान्यात नोकरीनिमित्त आलेलं मराठी घर या सगळ्यात आपली भर घालतं: गवती चहा, ओव्याची पुरचुंडी, अडुळशाचं सिरप आणि रात्री हळद-दूध. जानेवारीच्या धुक्यात पातेलं उकळतं आणि घरभर वास सुटतो. कुणाला तरी दोन दिवसांत बरं वाटतं. मग पुढच्या वर्षी काढा लागू पडतो की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

तो प्रश्न तसाही चुकीचा आहे. ‘काढा सर्दीवर चालतो का?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन प्रश्न एकत्र उकळलेले असतात. कोणत्या लक्षणावर? कोणत्या रूपात आणि किती मात्रेत? आणि कशाच्या तुलनेत? हे तीन वेगळे केले की पातेल्यातली एकेक वस्तू बाहेर काढून तपासता येते. त्यासाठी आधी सर्दी कशी चालते ते पाहावं लागेल.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो रायनोव्हायरस, आणि त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार. हा विषाणू नाकाच्या अस्तरातल्या पेशींत वाढतो. त्याला शरीराच्या ३७ अंशांपेक्षा नाकातले ३३-३४ अंश जास्त मानवतात. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर दाखवलं, की कमी तापमानात त्या पेशींची विषाणूविरोधी यंत्रणा मंदावते. थंडीत सर्दी का होते याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे दारं-खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत बसतात, आणि पानिपतच्या हिवाळ्यात दुसरा इलाजही नसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. नाक वाहणं, शिंका, घशाची खवखव, अंग मोडून येणं ही विषाणूची करणी कमी आणि आपल्याच शरीराच्या प्रतिकाराची जास्त. संसर्ग झालेल्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, अस्तर सुजतं, मज्जातंतू हुळहुळे होतात. चोंदलेलं नाक शेंबडापेक्षा या सुजेनं जास्त चोंदलेलं असतं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ असं लेबल सर्दीच्या औषधावर पाहिलं की मला गंमत वाटते. सर्दीत जो त्रास होतो तो प्रतिकारशक्ती कामाला लागल्याचाच त्रास असतो. ती खरोखरच आणखी चेतवली, तर नाक जास्त वाहायला हवं!

लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतात आणि सात ते दहा दिवसांत ओसरतात. खोकला मात्र रेंगाळतो. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली, ती जवळपास १८ दिवस आली. त्यांनीच सामान्य लोकांना विचारलं, तेव्हा लोकांच्या मते खोकला सात ते नऊ दिवसांत जायला हवा होता. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सगळी औषधं विकली जातात, काष्ठौषधीही आणि अॅलोपॅथीचीही. माणूस काढा करतो तो सहन होत नाही तेव्हा, म्हणजे तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी उतार पडणारच असतो, आणि श्रेय पातेल्याला जातं.

यावर उपाय एकच: अर्ध्या लोकांना औषध द्यायचं, अर्ध्यांना तसंच दिसणारं नकली काहीतरी द्यायचं, कुणाला काय मिळालं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि ते ना रुग्णाला कळू द्यायचं ना मोजणाऱ्या डॉक्टरला. हे करणं का गरजेचं आहे, ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका प्रयोगानं फार छान दाखवलं. तिथे इकायनेशिया नावाची वनस्पती सर्दीवरचं घरोघरचं औषध आहे, आपल्या तुळशीसारखं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७१९ जण होते. काहींना इकायनेशियाची गोळी मिळाली, काहींना नकली गोळी, काहींना काहीच नाही. इकायनेशियानं सर्दी सरासरी अर्ध्या दिवसाच्या आसपास लवकर संपली, आणि तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. पण पुढच्या विश्लेषणात एक वेगळीच गोष्ट निघाली. या वनस्पतीवर ज्यांचा आधीपासून चांगला विश्वास होता अशा १२० जणांकडे पाहिलं, तेव्हा नकली गोळी मिळालेल्यांचा आजार काहीच न मिळालेल्यांपेक्षा सुमारे अडीच दिवस कमी चालला होता. गोळीत औषध नव्हतंच. खोकल्याच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या कॉमन कोल्ड सेंटरचे रॉन एकल्स यांनी २००२ मध्ये खोकल्याच्या औषधांच्या चाचण्या तपासून हिशोब मांडला: खोकल्यात जी घट दिसते तिच्यातला ८५ टक्के वाटा नकली औषधानंही पडतो. गोड, चिकट, उग्र चवीचं काही घशाखाली गेलं की लाळ सुटते, घशाला ओलावा मिळतो, आणि मेंदूतली खोकल्याची ढास काही वेळ दबते.

याच एकल्स यांचा दुसरा एक प्रयोग काढा पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. २००८ साली त्यांनी सर्दी झालेल्या ३० जणांना फळांचं सरबत दिलं, कधी गरम, कधी खोलीच्या तापमानाचं. त्यात सुंठ नाही, तुळस नाही, काही नाही. साध्या तापमानाच्या सरबतानं नाक वाहणं, खोकला आणि शिंका थोड्या कमी झाल्या. गरम सरबतानं याशिवाय घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवाही लगेच हलका झाला, आणि आराम टिकलाही. मजा अशी, की नाकातून जाणाऱ्या हवेचा प्रवाह यंत्रानं मोजला तर त्यात फरक नव्हता. नाक मोकळं झालं नव्हतं, मोकळं वाटत होतं. आणि सर्दीत ‘वाटणं’ हीच तर तक्रार असते. तेव्हा काढ्यातलं पहिलं सिद्ध झालेलं द्रव्य म्हणजे गरम पाणी. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. पुढे प्रत्येक वनस्पतीला विचारायचा प्रश्न यातून मिळतो: नुसत्या गरम, गोड पाण्याच्या वर तू काय देतेस?

आता एकेक वस्तू बाहेर काढू.

सगळ्यात भक्कम पुरावा मधाच्या बाजूनं आहे, आणि तो खोकल्यापुरता आहे. २००७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर चाचणी झाली. रात्री झोपण्यापूर्वी काहींना मध, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे नेहमीचं खोकल्याचं औषध, काहींना काहीच नाही. आईवडिलांनी दिलेल्या गुणांत मध सगळ्यात वर राहिला. पण मध गोड असतो, मग हा नुसत्या गोडीचा परिणाम नसेल कशावरून? ही शंका इस्रायलमधल्या २०१२ च्या चाचणीनं बऱ्यापैकी फेडली. एक ते पाच वर्षांची ३०० मुलं, झोपण्याआधी अर्धा तास १० ग्रॅम. तीन गटांना तीन प्रकारचे मध आणि चौथ्याला खजुराचा पाक, जो दिसायला आणि चवीला मधासारखाच लागतो. पाकानंही बरं वाटलं, पण मधानं जास्त. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अशा सहा चाचण्या आणि ८९९ मुलं होती. निष्कर्ष: मध काहीच न देण्यापेक्षा आणि नकली औषधापेक्षा बहुधा चांगला, डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या जवळपास बरोबरीचा, पण तीन दिवसांपलीकडे काय होतं ते सांगता येत नाही. २०१९ पासून ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांतही साध्या खोकल्यासाठी मध सुचवलेला आहे.

इथे एक गोष्ट आड येते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या १३ ब्रँडांचा मध तपासला. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेतल्या एनएमआर चाचणीत त्यातले बहुतेक ब्रँड साखरेच्या पाकाच्या भेसळीमुळे नापास झाले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. चाचणीतला मध आणि बाटलीतला मध एकच आहे असं आपण धरून चालतो, ते तितकं खात्रीचं नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना वाढू देत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात. जन्मल्यावर मध चाटवायची आपली रीत कितीही जुनी असो, या बाबतीत ती सोडलेली बरी.

मधानंतरचा दुसरा क्रमांक तुळशीला किंवा आल्याला मिळेल असं वाटतं ना? तो जातो एका अशा वनस्पतीला, जिची चव तोंडात घेतल्यावर कुणी पुन्हा मागत नाही. कालमेघ. कोकणात याला पाले किराईत म्हणतात. २०१७ साली कालमेघाच्या ३३ चाचण्या आणि ७,१७५ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. नकली औषधाच्या तुलनेत खोकला आणि घशाची खवखव यांत फायदा दिसला. यातल्या बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या आणि संशोधकांनी ते स्पष्ट लिहिलं आहे. तरीही सर्दीवरच्या दुसऱ्या कुठल्याही भारतीय वनस्पतीवर एवढं काम झालेलं नाही. मात्र त्या चाचण्यांत वापरलं गेलं ते बहुतेक वेळा कालमेघाचं तयार औषध, ठरलेल्या मात्रेतलं. पंसाऱ्याकडे तुम्ही नुसतं ‘चिरायता’ मागितलं तर हातात काडे किराईत पडू शकतं, आणि ती संपूर्ण वेगळी वनस्पती आहे, हिमालयात होणारी. कडू दोन्ही, पण पुरावा पाले किराईताचा. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी कालमेघाबद्दल तीव्र अॅलर्जीचा आणि चव जाण्याचा इशारा दिलेला आहे. ज्याला औषधाची अॅलर्जी कधी झाली असेल त्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

ज्येष्ठमधाची गोष्ट फार मजेशीर आहे, कारण त्याचा चांगला पुरावा सर्दीतून आलेला नाही. शस्त्रक्रियेत भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्यानं नंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००९ मध्ये ४० पैकी निम्म्या रुग्णांना आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, आणि त्यांची घसादुखी कमी झाली. पुढे व्हिएन्नात २३६ रुग्णांवर साखरेच्या पाण्याशी तुलना करून हेच तपासलं, आणि घसा दुखणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. सर्दीतला घसा आणि नळीनं सोलवटलेला घसा एक नव्हेत, पण सूज ही सूज. म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळणं मला पटतं. रोज कपभर काढा पीत राहणं पटत नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं, रक्तदाब वाढवतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना पुडीत मुलेठी आहे का हे विचारून मगच काढा द्यावा.

अडुळशाच्या बाबतीत पुरावा आणि पान यांची ताटातूट झाली आहे. त्याच्या पानात व्हासिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याचा धागा पकडून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केलं, ते १९६० च्या दशकात बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर ज्यात बदलतं ते अॅम्ब्रोक्सॉल. आज भारतात कफ पातळ करण्याच्या पुष्कळशा सिरपांवर या दोघांपैकी एकाचं नाव सापडावं, इतकी ती रुळली आहेत. म्हणजे परसातल्या अडुळशानं जगाला औषध दिलं, हे खरं. पण त्या रेणूवर झालेल्या चाचण्यांचं श्रेय पानाला परत देता येत नाही. पानात व्हासिसीन किती हे झाड, ऋतू आणि उकळणाऱ्याचा हात ठरवतो. आणि व्हासिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा वर्ज्य.

ओव्याच्या पुरचुंडीचंही थोडं असंच. ओव्यात थायमॉल भरपूर असतं, युरोपातल्या थाईम या पाल्यातही असतं. जर्मनीत थाईम आणि आयव्ही यांच्या सिरपची ३६१ रुग्णांवर चाचणी झाली. नवव्या दिवसापर्यंत खोकल्याच्या उबळी औषधवाल्यांत ६८.७ टक्के, तर नकली औषधवाल्यांत ४७.६ टक्के घटल्या. फरक खरा आहे. पण ते प्यायचं सिरप होतं, हुंगायची पुरचुंडी नव्हे, आणि त्यात दोन वनस्पती होत्या. एका झाडाचा दाखला दुसऱ्या झाडाला चिकटवण्याचा हा प्रकार काष्ठौषधींच्या जाहिरातींत सर्रास चालतो. ‘संशोधनानं सिद्ध’ असं वाचलं की संशोधन नेमकं कशावर, हे विचारायचं.

तुळस, आलं, मिरी आणि दालचिनी यांच्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, आयुष मंत्रालयानं यांचाच ‘आयुष क्वाथ’ सुचवला: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, मिरी एक. तुळशीवरचे माणसांमधले अभ्यास बहुतेक साखर, ताणतणाव अशा विषयांवर आहेत. ताज्या आल्यानं प्रयोगशाळेतल्या पेशींवर एका श्वसनविषाणूला अडवलं, असं तैवानमध्ये २०१३ साली दिसलं, वाळलेल्या आल्याला ते जमलं नाही. पण बशीतल्या पेशींवर थेट ओतलेला अर्क आणि पोटातून, यकृतातून वाट काढत नाकापर्यंत पोचू पाहणारं आलं यांत फार अंतर आहे. मिरीच्या तिखटानं नाक वाहतं आणि जरा मोकळं वाटतं, एवढं प्रत्येकाच्या अनुभवाचं. २०२० च्या उन्हाळ्यात दिवसातून चार-चार वेळा हा काढा पिऊन पोटात आगडोंब उसळलेले लोकही आपल्याला आठवत असतील.

हळदीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिथे अस्मिता मध्ये येते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिलं. परिषदेनं जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले ३२ दाखले सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. गोव्याच्या माशेल गावात जन्मलेल्या, मुंबईत गरिबीत शिकलेल्या माणसानं हे केलं याचा मराठी माणसाला अभिमान वाटतो, आणि वाटावाही. पण त्या खटल्यात काय सिद्ध झालं? हळदीचा हा वापर जुना आहे, एवढंच. पेटंट पडलं ते नवेपणाच्या मुद्द्यावर, गुणाच्या नव्हे. वापर जुना असणं आणि तो लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हळदीच्या कुठल्याही गप्पेत त्यांची गल्लत होते. हळदीतलं करक्युमिन शरीरात फारच कमी शोषलं जातं. हे शोषण मिरीतल्या पिपेरिनसोबत २० पट वाढतं, हे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. तरी २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यानं करक्युमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या चाळल्या, तेव्हा नकली औषधाशी काटेकोर तुलना करून यशस्वी ठरलेली एकही सापडली नाही. त्या सर्दीवरच्या नव्हत्या हे खरं, पण सर्दीवरच्या म्हणाव्यात अशा भरवशाच्या चाचण्या तर नाहीतच. हळद-दूध प्या, झोप चांगली लागते. ते गरम दूध आहे.

लसणाची एकच धड चाचणी आहे. १४६ जणांनी तीन महिने रोज गोळी घेतली, लसणाच्या गटात २४ सर्द्या झाल्या, नकली गोळीच्या गटात ६५. आकडा डोळ्यात भरतो, पण लसणाच्या ढेकरांवरून कुणाला काय मिळालंय हे ओळखणं अवघड नसतं, आणि झालेल्या सर्दीचे दिवस दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. सितोपलादी चूर्णाच्या मूळ कृतीत ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते, आणि ते मधातून चाटायचं. यात मधाचा आणि साखरेचा वाटा किती, बाकीच्याचा किती, हे वेगळं करणारी चाचणी मला पाहायला आवडेल. जोशांद्यातली भोकरं आणि खतमी नावाच्या वनस्पतीच्या बिया चिकट असतात. ती चिकटाई घशावर लेप देते, म्हणून खवखव तेवढ्यापुरती शमणं पटण्याजोगं आहे.

वाफ घ्यायची तर पुरावा उदासीन आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या आणि ३८७ माणसं होती, ठाम फायदा दिसला नाही. उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवून वर चादर टाकणं हा तर भाजण्याचा थेट रस्ता. मेंथॉलबद्दल विज्ञान जास्त स्पष्ट बोलतं. नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या ग्राहीला ते उद्दीपित करतं, मेंदूला वाटतं थंड हवा भरभरून येते आहे, प्रत्यक्षात नाक तेवढंच चोंदलेलं असतं. ही ग्राही २००२ मध्ये सापडली. तिच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. छातीला चोळायच्या मलमाची २०१० साली १३८ मुलांवर चाचणी झाली, तेव्हा साध्या व्हॅसलीनपेक्षा मुलं बरी झोपली आणि आईवडीलही झोपले. चाचणीला पैसा मलमाच्या कंपनीचा होता, हे जाता जाता. त्या मलमात कापूर असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला ते लावू नये, नाकाखाली तर कुणालाच नाही. निलगिरी तेल पोटात घेणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण.

‘मग लहान मुलाला सरळ खोकल्याचं सिरपच देऊ’ असं म्हणाल, तर ते त्याहून वाईट. लहान मुलांच्या साध्या खोकल्यावर दुकानातली सिरपं उपयोगी पडतात, याचाही चांगला पुरावा नाही. आणि ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं गाम्बियातल्या ६६ बालमृत्यूंशी संबंध असल्याच्या शंकेवरून ज्या चार सिरपांबद्दल इशारा दिला, ती बनवणारी कंपनी पानिपतला लागून असलेल्या सोनीपत जिल्ह्यातली होती. संघटनेच्या तपासणीत त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्यं आढळली होती. भारत सरकारनं इथले नमुने निर्दोष असल्याचं सांगितलं. वर्षावरच्या मुलाच्या रात्रीच्या खोकल्याला चमचाभर खात्रीचा मध हा उपाय इतका पुढे का येतो, ते यातून कळेल.

एवढी झाडाझडती घेतल्यावर माझं मत असं आहे. खोकल्याला मध. घशाला ज्येष्ठमधाची कांडी आणि गुळण्या. ज्याला झेपेल आणि अॅलर्जी नसेल त्याला पहिल्या दिवसापासून वैद्याच्या सल्ल्यानं कालमेघ. बाकी सगळा काढा चवीपुरता, दिवसातून एक-दोन कप, आणि गरम. यातलं काहीही विषाणू मारत नाही.

पानिपतसाठी मात्र एक पुरवणी जोडावी लागते. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत आणि ब्लँकेट बनवणारं हे देशातलं मोठं केंद्र. गिरण्यांत तंतूंचा धुरळा, नोव्हेंबरात शेतातली पराली (भाताची खुंटं) जाळल्याचा धूर, त्यावर राजधानी क्षेत्राचं धुरकं. इथली पुष्कळशी ‘सर्दी’ ही सर्दी नसतेच. खरी सर्दी घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, दोन-तीन दिवसांत टिपेला पोचते आणि दहा दिवसांत उतरते. धुळीचा त्रास आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, डोळे-नाक खाजतं, ताप येत नाही, आणि गिरणीला सुट्टी असली की बरं वाटतं. त्यावर काढा उकळून उपयोग नाही. तिथे मास्क, खोलीचं झाडणं-पुसणं, दमा किंवा अॅलर्जीची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर कामाला येतो.

श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल, ताप तीन दिवसांच्या पुढे गेला किंवा उतरून पुन्हा चढला, तान्हं बाळ पीत नसेल, तर पातेलं खाली ठेवून दवाखाना गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. ती पानिपतच्या सरकारी रुग्णालयातही, देशात इतर सगळीकडे आहे तशीच, मोफत होते.